गलबतावरचे बिऱ्हाड

बदलीचा हुकूम हाती पडल्यापासून ट्रंका आगगाडीत चढेपर्यंतचे दिवस कसे जातात, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. काय न्यावे, काय विकावे, काय आप्तांकडे ठेवावे, वाण्याचा हिशोब केव्हा चुकता करावा, या विवंचनेत घरची मंडळी बुडून जातात. प्रवास दोन दिवसांचा, तयारी महिन्याची! आता अशी कल्पना करावी की, ही बदली कोणी वरिष्ठाने केलेली नसून आपली आपणच करून घेतली आहे. तिची मुदत सात वर्षांची आहे. आणि ज्यातून जावयाचे ते वाहनच मुळी अद्याप बांधावयाचे आहे. अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडन याने १९०६ साली नेमका हाच उद्योग आरंभिला. त्याच्या दक्षिण समुद्रातील सफरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस मात्र त्या सफरीपेक्षा तिच्या आधीचे वर्ष अधिक बोधक वाटते, आणि या लेखात आम्ही मुख्यतः त्या तयारीचीच हकीकत सांगणार आहो.

कल्पनेचा उगम १९०५ च्या उन्हाळ्यातला. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात ग्लेन एलन म्हणून एक खेडे आहे. तेथील पोहण्याच्या तलावाकाठी लंडन, त्याची भावी पत्नी चार्मियन किट्रेज आणि तिच्या मावशीचे यजमान रॉस्को ईम्स अशी मंडळी बसली असता कॅप्टन जोशुआ स्लोकम याच्या पुस्तकाचा विषय निघाला. स्लोकम हा ‘स्प्रे’ नावाच्या सदतीस फुटी गलबतातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून १८९८ साली परतला होता. लंडन म्हणाला, चाळीस फुटी गलबतातून आपणही जाऊ. आधी घर बांधावे, मळा लावावा, मग चारपाच वर्षांनी निघावे, असे ठरले. परंतु चार्मियनने विचारले की, मग आताच का नको? तिचा युक्तिवाद असा की, आपले वय काही मागे जाणार नाही आणि घर काय, परत आल्यावरही बांधता येईल. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचा विवाह झाला, आणि गलबत आधी, घर नंतर, हा क्रम पक्का झाला.

मार्गाचा आराखडा ऐकून कोणासही घेरी यावी. प्रथम हवाई बेटे, तेथून दक्षिण समुद्र, सामोआ, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, बोर्निओ. मग फिलिपाईन्सवरून जपान, कोरिया, चीन, हिंदुस्थान, तांबडा समुद्र, भूमध्य समुद्र. आणि त्यानंतर नाईल, डॅन्यूब, सीन, थेम्स या नद्यांतून वर वर. नद्यांवरच्या पुलांखालून जाताना डोलकाठ्या उतरून ठेवावयाच्या आणि यंत्राच्या बळावर चालावयाचे. म्हणजे नियतीने साथ दिली असती तर हे गलबत मुंबई बंदरातही दिसले असते!

गलबताचे नाव ‘स्नार्क’. लुई कॅरलच्या विनोदी काव्यातील एका अगम्य प्राण्याचे हे नाव. दुसरे काही सुचेना म्हणून ठेवले, असे लंडनने सांगून टाकले आहे.

खरी गोष्ट आता पुढे येते. गलबत चाळीस फुटांचे करावयाचे ठरले होते. आराखडा कागदावर मांडू लागले तो न्हाणीघराला जागा उरेना. न्हाणीघर तर हवेच. कारण सफर सात वर्षांची आणि बरोबर पत्नी! तेव्हा गलबताची लांबी पाण्याच्या रेषेवर पंचेचाळीस फूट करण्यात आली. टोकापासून टोकापर्यंत ती सत्तावन्न फुटांच्या घरात गेली. आत सहा फुटांचा माणूस ताठ उभा राहील एवढी उंची हवी. लिहिण्याला निवांत जागा हवी, कारण लंडनचा रोजचा हजार शब्दांचा नेम होता आणि सफरीचा खर्च त्या शब्दांतूनच निघावयाचा होता. सुमारे पाचशे पुस्तके, बोलके यंत्र आणि त्याच्या शेकडो तबकड्या ठेवावयास जागा हवी. सत्तर अश्वशक्तीचे एंजिन, त्याच्यासाठी हजार गॅलनांहून अधिक गॅसोलीन, विजेचे दिवे, पंखे, नांगर ओढणारा यंत्राचा रहाट, आणि तळाला कोठे भोक पडलेच तर पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मध्ये भक्कम जलाभेद्य भिंती. शिडांची मांडणी दोन डोलकाठ्यांची, पुढची मोठी व मागची लहान. हा घाट अमेरिकेत त्या काळी फारसा कोणी वापरीत नसे. इंग्लंडच्या उत्तर समुद्रातील मासेमारी नौकांवरून लंडनने तो उचलला होता.

ही यादी वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. यातील निम्म्या वस्तू गलबताच्या आहेत व निम्म्या बंगल्याच्या. समुद्र कसा आहे या प्रश्नाबरोबरच ‘आपण राहतो कसे’ हाही प्रश्न लंडनने विचारला, आणि दोहोंची उत्तरे एकाच पंचेचाळीस फुटांत बसविण्याचा यत्न केला. स्लोकमचे तसे नव्हते. त्याने फेअरहेवनच्या एका शेतात पडलेला जुना सांगाडा घेतला, जवळच्या कुरणातले ओकचे झाड तोडून नवा कणा घडविला, तेरा महिने स्वतः कुऱ्हाड व रंधा चालविला. सामानाचा एकूण खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. कालमापक घड्याळ दुरुस्त करावयास पंधरा डॉलर पडतील म्हणून ते घरीच ठेवून काचेचा टवका उडालेले पत्र्याचे घड्याळ एका डॉलरला घेऊन तो निघाला. पण स्लोकम एकटा होता. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्याला लागू पडते. लंडनला ती लागू पडत नाही. त्याचे बिऱ्हाड खरोखरीचे बिऱ्हाड होते. दोघांची तुलना करून लंडनला हसणारे टीकाकार हा भेद विसरतात.

लंडनचे मूळ अंदाजपत्रक सात हजार डॉलरांचे होते. प्रत्यक्ष खर्च तीस हजारांवर गेला. कचेरीत ज्यांची हयात अंदाजपत्रके आणि सुधारित अंदाजपत्रके तपासण्यात जाते, त्यांना या आकड्यांचे नवल वाटणार नाही. कारणे मात्र जाणून घ्यावीशी वाटतील.

पहिले कारण कोणाच्याच हातचे नव्हते. गलबताच्या तळाच्या लोखंडी कण्याचे काम सुरू व्हावयाचे त्याच सुमारास, १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी, सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने हादरले आणि मागून उठलेल्या आगींत भस्मसात झाले. सुमारे तीन हजार माणसे दगावली. लंडन व चार्मियन त्याच दिवशी शहरात गेले. जळत्या रस्त्यांतून रात्रभर हिंडले. त्या दर्शनावर लंडनने ‘कॉलियर्स’ साप्ताहिकासाठी लेख लिहिला. आता सारे शहर नव्याने उभे करावयाचे. सुतार, लोहार, लाकूड, खिळे, लोखंडी सामान यांना जी मागणी आली, तिच्यापुढे एका कादंबरीकाराच्या हौसेच्या गलबताची काय कथा? भाव चढले, मजुरी चढली, माणसे मिळेनाशी झाली.

दुसरे कारण मात्र लंडनच्या स्वभावातले आहे, आणि त्याविषयी आम्ही थोडे कठोर बोलणार आहो. पैशाकडे पाहू नका, प्रत्येक वस्तू उत्तमातली उत्तम आणा, असा हुकूम त्याने ईम्सला देऊन ठेवला होता. स्वतः लिहीत बसे, व्याख्याने देई, आणि येतील त्या धनादेशांवर सह्या करी. ‘द आयर्न हील’ ही त्याची कादंबरी याच काळात, १९०६ च्या अखेरीस पुरी झाली. देखरेख ईम्सकडे, आणि ईम्स हा भला पण ढिला, साठीकडे झुकलेला गृहस्थ. लंडननेच पुढे हिशोब मांडला आहे की, या कामी ११५ निरनिराळ्या पेढ्या आणि ४७ प्रकारचे संघटित कारागीर गुंतले होते, आणि पैसे घेण्याची वेळ सोडली तर यांतील कोणीही ठरल्या वेळी हजर झाला नाही. हे चित्र विनोदी खरे. परंतु ज्या मालकाने धक्क्यावर उभे राहून फळी ठोकून पाहिली नाही, त्याने पुरवठादारांवर किती रागवावे? मालाची पाहणी केल्याखेरीज देयक मंजूर करू नये, हे साध्या भांडारातल्या कारकुनासही कळते. निघण्याची तारीख १ ऑक्टोबर १९०६ ठरली होती. ती नोव्हेंबरावर गेली, मग डिसेंबरावर, मग नव्या वर्षात.

या साऱ्या काळात जमिनीवरचे बिऱ्हाडही मार्गी लावावयाचे होते. लंडनवर अवलंबून असलेली माणसे थोडी नव्हती. वृद्ध आई, पहिली पत्नी आणि तिच्यापासून झालेल्या दोन मुली यांची तजवीज. ग्लेन एलनला नुकताच घेतलेला एकशे तीस एकरांचा मळा. प्रकाशकांशी चाललेला पत्रव्यवहार. हा सगळा कारभार चार्मियनची मावशी निनेटा ईम्स हिच्या हाती कुलमुखत्यारपत्रासह सोपविण्यात आला. म्हणजे मावशीने जमिनीवरचा संसार पाहावा आणि मावशीच्या यजमानांनी समुद्रावरचा, अशी वाटणी झाली. पहिली वाटणी पुष्कळ चालली. दुसरी हवाईपलीकडे टिकली नाही.

सफरीची वार्ता मासिकांतून फुटली तेव्हा बरोबर येऊ इच्छिणाऱ्यांच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांतून कॅन्सस संस्थानातील इंडिपेंडन्स गावच्या मार्टिन जॉन्सन या बावीस वर्षांच्या तरुणाची निवड झाली. लंडनने त्याला तारेने विचारले, स्वयंपाक येतो काय? त्याने तारेनेच उत्तर दिले की, येतो. येत मुळीच नव्हता. तार धाडल्यावर तो गावच्या एका उपाहारगृहात जाऊन शिकू लागला. हाच जॉन्सन पुढे पत्नी ओसा हिच्यासह आफ्रिकेतील वन्य पशूंच्या चित्रपटांमुळे जगप्रसिद्ध झाला. त्याच्याखेरीज स्टॅनफर्ड विद्यापीठाचा विद्यार्थी हर्बर्ट स्टोल्झ एंजिनासाठी आणि तोचिगी नावाचा जपानी तरुण घरकामासाठी, अशी सहा जणांची मंडळी जमली. सहांतला एकही जण खोल समुद्रातील नौकानयनात मुरलेला नव्हता. त्यातल्या त्यात लंडन. त्याने सतराव्या वर्षी सील माशांच्या शिकारी जहाजावर खलाशी म्हणून जपानपर्यंत मजल मारली होती.

चार्मियनविषयी दोन शब्द निराळे लिहिले पाहिजेत. मराठीत ‘कुटुंब’ हा शब्द जुन्या पिढीत पत्नीसाठीच वापरीत. नवऱ्याच्या बदलीबरोबर कुटुंबही गाठोड्यासारखे हलते, असा त्यातला गर्भितार्थ. चार्मियन तशी कधीच नव्हती. ती लंडनची हस्तलिखिते टंकलिखित करी, गलबतावर पुरुषांच्या बरोबरीने पहारा करी, सुकाणू धरी. तिने ठेवलेली रोजनिशी १९१५ साली ग्रंथरूपाने निघाली. लंडनचे १९११ सालचे पुस्तक हसवते, जॉन्सनचे १९१३ सालचे पुस्तक थक्क करते. परंतु कोणत्या दिवशी काय शिजले, काय नासले, कोण आजारी पडले, हे जाणून घ्यावयाचे तर चार्मियनकडेच जावे लागते. बिऱ्हाडाचा इतिहास बिऱ्हाड चालविणारीच लिहू शकते, आणि आमच्याकडच्या किती स्त्रियांनी तो लिहून ठेवला?

१९०७ च्या आरंभी गलबत पाण्यात होते, परंतु संकटांची मालिका संपली नव्हती. उपसागरात उभे असता माल वाहणाऱ्या दोन मोठ्या पडावांच्या मध्ये ते सापडले आणि दोहो बाजूंनी चेपून निघाले. पुढे दुरुस्तीच्या उतरणीवर असता खालच्या तुळया फाकल्या आणि ते शेपटाकडून चिखलात रुतून बसले. आठवडाभर रोज दोन वेळा, भरतीच्या वेळी, वाफेच्या दोन बोटी त्याला ओढीत होत्या. मदतीला म्हणून गलबतावरचा रहाट चालविला, तर त्याचे दाते एकमेकांत भरडून रहाटच निकामी झाला. मग मोठे एंजिन लावले, तो त्याची न्यूयॉर्कहून आलेली ओतीव लोखंडी बैठकच फुटली आणि ते उलथून पडले. ते दोरखंडांनी बांधून ठेवले. ज्याच्या भरवशावर नाईल आणि थेम्स चढावयाच्या, ते सत्तर अश्वशक्तीचे यंत्र हवाईपर्यंत केवळ वजन म्हणून गेले!

दुसरा कोणी असता तर येथे थांबला असता. लंडनने उलट ठरविले की, येथे राहिलो तर कायमचे येथेच राहू. असेच हवाईला जावे आणि उरलेले गलबत तेथे पुरे करावे. शहाणपणाच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय नाही. परंतु तयारी एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे तीच प्रवासाची शत्रू होते, हे त्याने ओळखले होते, आणि ओळखून कृती केली. आम्ही त्याच्या देखरेखीला दोष दिला. या निर्णयाला देऊ शकत नाही.

निघण्याचा दिवस शनिवार ठरला. इष्टमित्र निरोप द्यावयास धक्क्यावर जमले. शेवटची बिले चुकती करण्यासाठी लंडन पैशांची पिशवी आणि धनादेशांचे पुस्तक घेऊन बसला होता. एवढ्यात संघसरकारचा मार्शल आला आणि त्याने गलबताच्या डोलकाठीवर अटकावाचा कागद चिकटविला. कोणा एका दुकानदाराचे दोन-अडीचशे डॉलर येणे होते, आणि पाखरू उडून जाईल या भयाने त्याने न्यायालय गाठले होते. पैसे तर हातात होते. पण शनिवारी दुपारी ना न्यायाधीश सापडे, ना मार्शल, ना सावकार. गलबतावर सरकारी पहारा बसला. तीस हजार डॉलर खर्चणारा मनुष्य एवढ्याशा देण्यासाठी बंदरात अडकून पडला. वाण्याचा हिशोब केव्हा चुकता करावा, ही विवंचना आम्ही प्रारंभी सांगितली, ती अगदीच क्षुल्लक नाही हे वाचकांच्या ध्यानी येईल.

अखेर २३ एप्रिल १९०७ रोजी ‘स्नार्क’ गोल्डन गेटच्या बाहेर पडले. समुद्राने लगेच पाहणी सुरू केली, आणि जी पाहणी मालकाने करावयाची ती त्याने एका दिवसात पुरी केली. तळ गळू लागला, बाजू गळू लागल्या. जलाभेद्य म्हणून बांधलेल्या भिंतींतून पाणी आरपार जाऊ लागले. गॅसोलीनच्या टाक्या पाझरू लागल्या. ज्याच्यासाठी गलबत पाच फूट वाढविले, ते न्हाणीघर चोवीस तासही टिकले नाही. पंपाच्या लोखंडी दांड्या हातात मोडून आल्या. कोळसा कुजलेल्या बटाट्याच्या पोत्यांतून भरला होता. पोती फाटली आणि कोळसा पाण्याबरोबर समुद्रात वाहून गेला. संत्री गारठून गेलेली, सफरचंदे लिबलिबीत, कोबी फेकून द्यावा लागला, गाजरांवर रॉकेल सांडले. जवळजवळ सारी मंडळी समुद्र लागून आडवी झाली, आणि त्यातच जॉन्सनला स्वयंपाक करावयाचा!

सर्वांत गंभीर प्रकार निराळाच होता. वादळात गलबताचे तोंड वाऱ्याकडे करून, शिडे आवरून स्वस्थ राहणे हा समुद्रावरचा पहिला आत्मरक्षणाचा उपाय. ‘स्नार्क’ काही केल्या वाऱ्याकडे तोंड करीना. शिडे कमी करून पाहिली, पाण्यात तरंगता नांगर टाकून पाहिला. गलबत आडवेच राहिले. सुदैवाने ते वादळ तितपतच होते.

आणि मग कळले की, मार्ग कोणासच ठाऊक नाही. लंडन कामात गढलेला, म्हणून नौकानयनाचे गणित ईम्सने शिकावे असे ठरले होते. त्याच्याजवळ पुस्तके होती, उपकरणे होती, आणि जाणत्याची गंभीर मुद्राही होती. परंतु सूर्य मोजून नकाशावर मांडलेली जागा आणि गलबत प्रत्यक्षात जेथे असावे ती जागा यांचा मेळ बसेना. शेवटी लंडनने पुस्तक हाती घेतले आणि भर समुद्रात स्वतः शिकला. इतक्या खर्चात जी एक गोष्ट विकत आणली नव्हती, तीच शेवटी उपयोगी पडली. सत्तावीस दिवसांनी, २० मे रोजी, गलबत हवाईच्या पर्ल हार्बरमध्ये शिरले. इकडे अमेरिकेत काही वृत्तपत्रांनी ते बुडाल्याचे छापूनही टाकले होते.

हवाईत ईम्स, स्टोल्झ व तोचिगी उतरून गेले. दुरुस्तीत आणखी काही महिने गेले. नवा कप्तान आला, एक हॉलंडचा खलाशी आला, आणि नाकाता नावाचा कोवळा जपानी मुलगा आला. त्याला इंग्रजीचे मोजके शब्द येत होते. ७ ऑक्टोबर १९०७ रोजी हिलो बंदर सोडून खरी दक्षिणेची वाट सुरू झाली. मार्केसास बेटे गाठावयास साठ दिवस लागले. मध्ये ना जमीन दिसली, ना दुसरे शीड. वाटेत अर्धे गोडे पाणी निघून गेल्याचे आढळले आणि पाऊस पडेपर्यंत प्रत्येकाला पाणी मापून मिळू लागले. या साऱ्यात लंडनचा हजार शब्दांचा नेम चुकला नाही. ‘मार्टिन ईडन’ ही त्याची थोर कादंबरी हवाई ते ताहिती या टप्प्यात लिहून झाली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. ताहिती, सामोआ, फिजी, न्यू हेब्रिडीज, सॉलोमन बेटे. गलबत तगले, पण माणसे खचली. हिवताप, चिघळणाऱ्या जखमा आणि हातांची कातडी सोलवटून काढणारा एक रोग यांनी लंडनला जेरीस आणले. १९०८ च्या नोव्हेंबरात तो सिडनीला रुग्णालयात दाखल झाला. सात वर्षांची सफर दोन वर्षेही चालली नाही. ‘स्नार्क’ अगदी अल्प किमतीत विकले गेले. मार्टिन जॉन्सन पुढे एकटा गेला. लंडन, चार्मियन आणि नाकाता एका मालवाहू बोटीने दक्षिण अमेरिकेमार्गे १९०९ च्या उन्हाळ्यात घरी पोहोचले. हवाईपासूनच्या मंडळींपैकी हा मुलगा तेवढा त्यांच्या घरी राहिला, आणि पुढे कित्येक वर्षे राहिला.

परत आल्यावर लंडनने ते मागे ठेवलेले घर बांधावयास घेतले. दगडी, भव्य, पिढ्यान्‌पिढ्या टिकावे असे. राहावयास जाण्याच्या थोडे आधी, ऑगस्ट १९१३ मध्ये, एका रात्री ते जळून गेले. त्यापूर्वीच, १९१० साली, त्याने आणखी एक गलबत घेतले होते. ते ‘रोमर’ नावाचे, तिसेक फुटांचे, दुसऱ्याने वापरलेले. त्यात न्हाणीघर नव्हते. सॅक्रामेंटो नदीच्या मुखाकडील खाड्यांतून तो, चार्मियन आणि नाकाता आठवडेच्या आठवडे त्यातून हिंडत. सकाळी हजार शब्द लिहून होत, नाकाता स्वयंपाकाला लागे, आणि सुकाणू बहुधा चार्मियनच्या हाती असे.